मर्जी सांभाळणारा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कधीच काही बिघडत नाही. तिथे टूल बोथट होत नाही, कूलंटला वास येत नाही, जॉब क्लॅम्पमधून हलत नाही आणि भारनियमन तर नसतंच. कॅम सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथ लावून सिम्युलेशन सुरू केलं की पिवळं टूल निळ्या ठोकळ्यावरून अलगद फिरतं आणि चहा संपायच्या आत चकचकीत पार्ट तयार होतो. कॉलेजातून नवीन आलेली पोरं हे बघून इतकी हरखतात की खाली शेडमध्ये खरं मशीनसुद्धा आहे, याची त्यांना आठवण करून द्यावी लागते.

पडदा आणि शेड यांच्यामध्ये एक बटण असतं. त्यावर लिहिलेलं असतं ‘पोस्ट’. ते दाबताना अनुभवी प्रोग्रामर किंचित थांबतो. नवखा थांबत नाही. दोघांच्या पगारातला फरक त्या थांबण्यात असतो, असं माझं मत आहे.

गोष्ट तशी सोपी आहे. टूलचं टोक कुठून कुठे न्यायचं, किती खोल, किती फीडने, हे सगळं सॉफ्टवेअर हिशेबाने ठरवतं. पण ठरवतं ते स्वतःपुरतं. मशीनला त्यातलं अक्षर कळत नाही. मशीनला लागतो जी-कोड. जी01 म्हणजे सरळ रेषेत कापत जा, एम03 म्हणजे स्पिंडल फिरव, एम08 म्हणजे कूलंट सोड, एम30 म्हणजे आटोपलं. टूलपाथचा असा ओळीओळींचा हुकूमनामा करून देणारी फाइल म्हणजे पोस्ट प्रोसेसर. शेडच्या बोलीत नुसताच पोस्ट.

पंगतीत स्वयंपाक सगळ्यांसाठी एकच असतो. पण कुणाला वरणावर दोनदा तूप लागतं, कुणाला मधुमेह आहे, कुणाचा उपास आहे आणि कोण आग्रहाशिवाय जेवतच नाही, हे आचाऱ्याला ठाऊक नसतं. ते वाढप्याला ठाऊक असतं. जेवणं झाल्यावर लोक आचाऱ्याचं कौतुक करतात. वाढप्याची आठवण निघते ती आमटी धोतरावर सांडली तरच. पोस्टचं नशीब याहून वेगळं नाही. जॉब चांगला निघाला की कुणी म्हणतं सॉफ्टवेअर भारी, कुणी म्हणतं मशीन भारी. टूल ठोकलं की मात्र सगळी शेड एका सुरात विचारते, “पोस्ट कुणी केला?”

आता कुणी म्हणेल, जी-कोड तर जगभर एकच आहे ना? मग एकदा पोस्ट लिहिला की झालं. हा प्रश्न ज्याने विचारला त्याने एकाच कंपनीचं मशीन पाहिलेलं असतं. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्कच्या शेडमध्ये डोकावून पाहावं. मशिनं तिथे कर्ज जसजसं मंजूर झालं तसतशी आलेली असतात. एकावर जपानचा फॅनुक कंट्रोल, दुसऱ्यावर जर्मनीचा सीमेन्स, कोपऱ्यात सेकंडहँड घेतलेलं, हायडनहाइन कंट्रोलचं मशीन. काम एकच, लोखंड तेच, ऑपरेटरही तोच. पण प्रत्येकाची मिजास निराळी.

साध्या टिंबाचंच घ्या. सीमेन्सला एक्स10 लिहून दिलं तर तो दहा मिलिमीटर सरकतो. फॅनुकला तेच एक्स10 दिलं, टिंब न देता, तर पुष्कळ मशिनांवर तो दहा मायक्रॉन सरकतो. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. मशीन हललं की नाही, यावर शेडमध्ये वाद व्हावा इतकं. त्याला दहा मिलिमीटर हवे असतील तर 10 च्या पुढे टिंब द्यावंच लागतं. त्यातही गंमत अशी की ही सवय पॅरामीटरमध्ये बदलता येते. पूर्वीच्या कुणी ती बदलून ठेवली असेल आणि आता तो दुबईला असेल, तर ते मशीन फॅनुकचं असूनही तसं वागत नाही. शहाणा पोस्ट या भानगडीत पडतच नाही. तो दर आकड्यापुढे टिंब देतो.

जी70 आणि जी71 ची कथा तर आणखी बहारीची. जुन्या प्रमाणात आणि सीमेन्सवर जी70 म्हणजे इंचाची मापं आणि जी71 म्हणजे मिलिमीटरची. फॅनुकच्या लेथवर मात्र जी71 म्हणजे रफिंगची सायकल आणि जी70 म्हणजे फिनिशिंगची. इंच आणि मिलिमीटर यांची सोय तिथे जी20 आणि जी21 वर केलेली. म्हणजे एकाच शेडमध्ये एका मशीनला ‘मेट्रिकमध्ये बोल’ म्हणून सांगावं, आणि तेच शब्द शेजारच्या मशीनने ऐकले तर त्याने दांडा सोलायची तयारी करावी.

पाच अक्षांच्या मशीनवर हा प्रकार कळसाला पोचतो. टेबल किंवा हेड तिरकं होत असताना टूलचं टोक मात्र पृष्ठभागावरून ढळू नये, अशी एक सोय प्रत्येक चांगल्या कंट्रोलमध्ये असते. ही सोय चालू करण्यासाठी फॅनुकला सांगायचं जी43.4, सीमेन्सला सांगायचं ट्राओरी, हायडनहाइनला एम128 आणि अमेरिकेच्या हासला जी234. एकाच देवाची चार नावं म्हणून सोडून द्यावं, तर इथे दुसऱ्या नावाने हाक मारली तर देव अलार्म देतो.

शिवाय सॉफ्टवेअर पोस्टला कोन सांगत नाही. ते फक्त सांगतं की टूलचं टोक इथे आणि दांडा या दिशेला. ती दिशा साधायला कुठला अक्ष किती फिरवायचा, हे टेबल फिरणारं आहे की हेड, यावर ठरतं. एकाच दिशेला पोचायचे बहुधा दोन मार्ग असतात. ए-अक्ष एका बाजूला झुकवा, किंवा दुसऱ्या बाजूला झुकवून सी-अक्ष अर्धा फेरा फिरवा. गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं बरोबर. मशीनच्या दृष्टीने एका उत्तरात टेबल फिक्स्चरसकट कव्हरवर जाऊन बसतं. आणि टूल अगदी उभं झालं की सी-अक्ष कुठेही असला तरी चालतो, म्हणून नेमका तिथेच तो वेड्यासारखा गरगर फिरायला बघतो. काही काम नसलं की माणसं जास्त धावपळ करतात, हे मी कचेऱ्यांमधून पाहिलं होतं. अक्षांचंही तेच असतं हे नंतर कळलं. या सगळ्यांत निवाडा करायचा तो पोस्टने.

हा निवाडा करणारा मुळात माणूसच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हा गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवण्याच्या धंद्यात होता. पात्याची वळणं नेमकी यावीत म्हणून त्याने आयबीएमच्या पंचकार्डच्या यंत्रावर बिंदूंचे आकडे काढून घेतले. मग मिलिंग मशीनवर एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी आपापल्या अक्षाची चाकं त्याप्रमाणे फिरवायची, अशी रीत बसवली. वाचणाऱ्याला मशीन ठाऊक, फिरवणारे ठाऊक, कुणाला एकदा सांगून कळतं आणि कुणाला दोनदा तेही ठाऊक. त्याला पोस्ट प्रोसेसर म्हणायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

पुढे 1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाने पार्सन्सला कंत्राट दिलं, काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि 1952 मध्ये भोकं पाडलेल्या टेपवरून चालणारं मिलिंग मशीन त्यांनी लोकांना दाखवलं. मशीन चालू लागलं, पण टेप तयार करणारी माणसं थकू लागली. म्हणून डग्लस रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एपीटी ही भाषा रचली. तिच्यात आकार सांगायचा, वाट कॉम्प्युटर काढेल. फेब्रुवारी 1959 मध्ये तिची जाहीर ओळख करून दिली, तेव्हा पत्रकारांना आठवण म्हणून या पद्धतीने कापलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे दिला. लढाऊ विमानांच्या भागांसाठी उभारलेल्या विद्येचं पहिलं प्रसिद्ध फळ म्हणजे सिगारेटची राख झाडायची वाटी! निमंत्रितांना उपयोगी भेट द्यावी हा संस्कार त्यांच्याकडेही असावा.

या मंडळींच्या शहाणपणाची खरी खूण मला ॲशट्रेत नाही, दुसरीकडे दिसते. कामाचे त्यांनी दोन भाग पाडले. पहिल्या भागात भूमिती: टूलचं टोक कुठे कुठे जाईल याची यादी. ही यादी कुठल्याही मशीनची नाही. दुसरा भाग पोस्ट प्रोसेसरचा. तो मुख्य हिशेब उरकल्यानंतर येतो आणि त्या यादीचा अमुक एका मशीनला पचेल असा प्रोग्राम करतो. कुठल्या मशीनचा पोस्ट लावायचा, हे एपीटीच्या प्रोग्राममध्ये एक ओळ लिहून सांगावं लागे. म्हणजे जगातली सगळी मशिनं एकसारखी वागणार नाहीत, हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं होतं.

पण माणसाला एकसारखेपणाचा मोह आवरत नाही. अमेरिकेत जी-कोडचं प्रमाण ठरलं. त्याची आरएस-274-डी ही आवृत्ती फेब्रुवारी 1980 मध्ये मंजूर झाली. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं, आयएसओ 6983. या प्रमाणांनी मुख्य कोड नेमून दिले आणि पुष्कळ जागा रिकाम्या सोडल्या. रिकामी जागा दिसली की ती व्यापायची, हा गुण सगळ्या देशांत सारखाच असावा. प्रत्येक कंट्रोलवाल्याने त्या जागांवर आपापली बिऱ्हाडं थाटली. एम-कोडचं तर विचारूच नका. थोडे नेहमीचे सोडले तर बाकीचे मशीन बांधणाऱ्याच्या मर्जीवर. एकाकडे ज्या कोडने दार उघडतं त्याच कोडने दुसऱ्याकडे चिप कन्व्हेअर फिरतो.

मग कुणीतरी म्हणालं, पोस्टच नको. टूलच्या जागांची यादी सरळ कंट्रोलच्या हाती द्या, पुढचं तो बघेल. आरएस-494 नावाचं एक प्रमाण यासाठीच आलं. पुढे स्टेप-एनसी आलं. त्याचं म्हणणं आणखी उदात्त: टूल कसं हलवायचं ते सांगूच नका, काय बनवायचं ते सांगा. इथे भोक हवं, इथे खाच हवी, बाकी मशीनच्या विवेकावर सोडा. कल्पना उत्तम. तिची प्रमाणं आहेत, प्रात्यक्षिकं झालेली आहेत. आणि एमआयडीसीतल्या सकाळच्या शिफ्टला आजही पेन ड्राइव्हवरून जी-कोडच जातो.

असं का व्हावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कंपन्यांना आपापली कुंपणं हवी असतात, हे एक कारण सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. पोस्टमध्ये व्याकरणापेक्षा अनुभव जास्त असतो, आणि अनुभवाचं प्रमाण ठरवणारी समिती अजून नेमली गेलेली नाही.

एखादा जुना, मुरलेला पोस्ट उघडून वाचा. हल्ली काही पोस्ट साध्या जावास्क्रिप्टमध्ये असतात, त्यामुळे कुणालाही वाचता येतात. टूल बदलण्याच्या जागी एक विचित्र ओळ दिसते: झेड-अक्ष घरी पाठवताना आधी जी91, म्हणजे ‘आहेस तिथून मोज’, लिहायचंच. एखाद्या हुशार मुलाला वाटतं, हे कशाला? सगळा प्रोग्राम तर जी90 मध्ये, म्हणजे जॉबच्या शून्यापासूनच्या मापांत, आहे. त्याला माहीत नसतं की फॅनुकवर जी28 हा कोड टूलला सरळ घरी नेत नाही, वाटेतल्या एका बिंदूवरून नेतो. जी90 चालू असताना त्याच्यापुढे झेड0 लिहिलं तर तो वाटेतला बिंदू म्हणजे जॉबचा शून्य. म्हणजे वर जायला सांगितलेलं टूल आधी रॅपिडने खाली जॉबवर येणार आणि उरलंच तर मग वर जाणार. त्या जी91 च्या मागे कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी शेडमधला मोठा आवाज आहे.

दुसरी ओळ पाहा. लांबच्या तिरक्या हालचाली जी00 ने, म्हणजे रॅपिडने, न करता मोठा फीड देऊन जी01 ने केलेल्या. पोराला वाटतं, वेळ वाया चाललाय. पण पुष्कळ मशिनांवर जी00 सरळ रेषेत जातच नाही. दोन्ही अक्ष आपापल्या कमाल वेगाने सुटतात, ज्याचं अंतर कमी तो आधी पोचून थांबतो आणि दुसरा उरलेली वाट एकटा चालतो. पडद्यावर सरळ दिसलेली रेघ मशीनवर कोपरात वाकते. त्या कोपराच्या जागी क्लॅम्प असला तर पुढचं सांगायला नको.

आमच्याकडे एक जुने सेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. इंग्रजी मॅन्युअलला त्यांनी कधी हात लावला नाही, पण प्रोग्राम वर सरकताना नुसता बघून ते म्हणायचे, “सर, ह्याला आधी वर उचला. हे मशीन टूल बदलताना जरा अंग टाकतं.” अंग टाकतं म्हणजे काय, याचं तांत्रिक उत्तर असं निघालं की टूल बदलण्याआधी झेडला दुसऱ्या रेफरन्सवर नेणं त्या मशीनला गरजेचं होतं, आणि बांधणाऱ्याने ते मॅन्युअलच्या कुठल्याशा परिशिष्टात लिहून ठेवलं होतं. मामांचं एक वाक्य पोस्टमध्ये एक ओळ होऊन बसलं. मामा निवृत्त झाले. ओळ अजून नोकरीत आहे.

काही ओळींचं कारण तर आता जगातून नाहीसं झालेलं असतं. पोस्टमध्ये ओळींचे नंबर बंद केलेले, दोन शब्दांमधली मोकळी जागाही काढून टाकलेली. का, तर जुन्या कंट्रोलची मेमरी अगदी तोकडी. फॅनुकच्या माहितीपत्रकांत प्रोग्रामची मेमरी कितीतरी वर्षं मीटरमध्ये लिहिली जात होती. 80 मीटर म्हणजे सुमारे 32 केबी. भोकं पाडलेली कागदी टेप केव्हाच गेली, पण तिची लांबी मागे राहिली. ते जुनं मशीन कधीच भंगारात गेलं, तरी नव्या मशीनचा पोस्ट त्याच काटकसरीने लिहितो. गरिबीत वाढलेल्या माणसाला पुढे पैसा आला तरी तो सुतळी जपून ठेवतो, तशातली गत.

इतकं सगळं ज्याच्यात साठलेलं आहे, त्याची बाजारात किंमत काय? मशीनच्या कोटेशनमध्ये चक, कूलंट टँक, कामाचा दिवा, सगळ्यांच्या वेगळ्या ओळी असतात. सॉफ्टवेअर घेतानाही घासाघीस होते आणि शेवटी शेठ खुर्चीत मागे रेलून म्हणतात, “पोस्ट फ्रीमध्ये टाका ना.” विकणारा हसून हो म्हणतो. फ्रीमध्ये आलेला पोस्ट त्या लायकीचाच असतो. तो सगळ्या फॅनुक मशिनांना चालतो, म्हणजे यांच्या मशीनला पुरता चालत नाही. मग चार महिने प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर ऑपरेटर हाताने दुरुस्त्या करतो. त्याच त्या दोन ओळी रोज खोडायच्या, त्याच त्या तीन रोज लिहायच्या. हा वेळ कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही, म्हणून तो फुकट समजला जातो. शेवटी कुणीतरी रात्रपाळीत बसून पोस्टच सुधारतो. तो नोकरी सोडून गेला की ती फाइल पवित्र होते. तिचं नाव ‘फायनल-न्यू-2-ओके’ असं काहीतरी असतं. तिच्या प्रती सगळ्या कॉम्प्युटरवर असतात आणि तिला हात लावायची छाती कुणाचीच नसते. एखादी ओळ का आहे, असं विचारलं तर उत्तर मिळतं, “असू दे. चालतंय ना?”

या उत्तरावर मी पूर्वी चिडायचो. आता अर्धा चिडतो. ‘असू दे’ यात एक शहाणपण आहे: कारण ठाऊक नसलं म्हणून कारण नाहीच असं समजू नये. पण उरलेला अर्धा राग मला रास्त वाटतो. ज्या ओळीसाठी कुणाचं तरी महागडं टूल मोडलं, कदाचित स्पिंडलही गेला, त्या ओळीशेजारी कारणाचे चार शब्द लिहायला असा किती वेळ लागणार होता? जी-कोडमध्ये कंसात टीप लिहिता येते, पोस्टच्या फाइलमध्ये तर निबंध लिहिता येतो. मशीन टीप वाचत नाही हे खरं. पण टीप मशीनसाठी नसतेच.

तेव्हा ज्यांच्या हाती पोस्टची फाइल आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. ओळ बदललीत तर शेजारी तारीख घाला, मशीनचं नाव घाला, आणि का बदलली ते मराठीत लिहिलं तरी चालेल, पण लिहा. नवीन मशीन आलं तर पोस्ट लिहिण्याआधी ते मशीन चालवणाऱ्या माणसाबरोबर एक चहा घ्या. मॅन्युअल नंतर वाचलं तरी चालेल. आणि पोस्ट कितीही जुना, कितीही भरवशाचा असला, तरी पहिल्या जॉबला सिंगल ब्लॉक चालू ठेवा, रॅपिड 25 टक्क्यांवर आणा आणि बोट फीड होल्डच्या बटणावर ठेवा. पडद्यावर काही बिघडत नाही. जे बिघडतं ते खाली, आणि तिथे ‘अन्डू’ नसतं.